जड अणुकेंद्रांच्या टकरींतील कणसंख्येचे चढउतार : पहिले प्रतिमान स्वतः उभारताना

डिसेंबर २०१० मध्ये क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून त्यांतील क्वार्क व ग्लुऑन मोकळे होतात ती अवस्था) या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद गोव्यात भरली होती. तिच्या जेमतेम महिनाभर आधी जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये शिशाची अणुकेंद्रे पहिल्यांदा एकमेकांवर आदळली होती. ताळगाव पठारावर किंवा झुआरीनगरला पदार्थविज्ञान शिकणारा एखादा विद्यार्थी प्रकल्पासाठी या विषयाकडे वळतो, तेव्हा त्याला बहुधा वाटते की मोठी यंत्रणा, मोठा संगणक आणि परदेशी प्रयोगशाळेतील ओळख यांशिवाय येथे काही करता येणार नाही. ही समजूत चुकीची आहे. कणसंख्येतील चढउतारांचे सांख्यिकीय प्रतिमान साध्या लॅपटॉपवर, पायथन आणि त्यातील नमपाय या गणिती साधनाच्या आधाराने, दोन-तीन आठवड्यांत उभारता येते. त्यासाठी बी.एस्सी.च्या पातळीवरचे संख्याशास्त्र पुरते आणि प्रत्येक पायरीवर आलेले उत्तर हाताने पडताळून पाहण्याची चिकाटी लागते.

चढउतार कशासाठी मोजायचे

सोन्याच्या अणुकेंद्रात १९७ न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून, असतात, शिशाच्या २०८. अशी दोन अणुकेंद्रे जवळपास प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर आदळली की शेकडो, कधी हजारो कण बाहेर पडतात. शिशाच्या अगदी मध्यवर्ती, म्हणजे केंद्राशी केंद्र भिडणाऱ्या, टकरींत, प्रत्येक न्यूक्लिऑन-जोडीमागे २.७६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असताना, मधल्या पट्ट्यात स्यूडोरॅपिडिटीच्या (कणाची झोताशी असलेली दिशा दर्शवणारी राशी) एका एककात सरासरी सुमारे १६०० विद्युतभारित कण मोजले गेले. मात्र कोणत्याही दोन टकरींतून अगदी तेवढेच कण येत नाहीत, आणि आपला विषय हा विखुरलेपणा आहे.

पाणी आणि वाफ यांतील भेद ज्या दाब-तापमानाला नाहीसा होतो त्या क्रांतिक बिंदूजवळ द्रव दुधाळ दिसू लागतो, कारण घनतेतील चढउतार प्रकाशाच्या तरंगलांबीएवढ्या अंतरांवर पसरतात. हॅड्रॉन (क्वार्कांचे बनलेले प्रोटॉनसारखे कण) आणि क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा यांच्या प्रावस्थाचित्रातही (फेज डायग्राम) असा क्रांतिक बिंदू असावा, असा सैद्धांतिक तर्क आहे. त्याचा माग घेण्यासाठी जाळीवरच्या क्वांटम क्रोमोडायनॅमिक्सच्या (अवकाश-काळाची बिंदूंची जाळी धरून केलेल्या क्वार्कांमधील बलाच्या) गणिताचा उपयोग करण्यात मुंबईच्या टीआयएफआरमधील राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता यांचे काम अग्रभागी राहिले. मिखाइल स्टेफानोव्ह यांनी २००९ मध्ये दाखवले की क्रांतिक बिंदूजवळ दुसरा क्युम्युलंट (क्युम्युलंट म्हणजे वितरणाचा विखुरलेपणा व आकार सांगणारे आकडे, त्यांच्या व्याख्या पहिल्या पायरीत येतात) सहसंबंध-लांबीच्या, म्हणजे चढउतार ज्या अंतरापर्यंत एकमेकांशी जोडलेले असतात त्या अंतराच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तर चौथा सातव्या घाताच्या प्रमाणात. सहसंबंध-लांबी दुप्पट झाली तर दुसऱ्या क्युम्युलंटमध्ये चौपट वाढ होते आणि चौथ्यात १२८ पट. प्रयोगकर्ते चौथ्या क्युम्युलंटच्या एवढे मागे लागलेले दिसतात त्याचे कारण हेच.

अडचण अशी की कणसंख्या विखुरण्याची क्रांतिक बिंदूशी संबंध नसलेली कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांतली बहुतेक अगदी नीरस आहेत. या लेखातील जवळजवळ सर्व पायऱ्या त्या नीरस कारणांसाठी आहेत. नवा विद्यार्थी ती ओलांडून थेट क्रांतिक बिंदूच्या प्रतिमानाकडे जाऊ पाहतो. तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मग आलेल्या आकड्याची तुलना कशाशी करायची हेच त्याला ठाऊक नसते.

पहिली पायरी : काय मोजायचे ते लिहून काढा

संगणक सुरू करण्यापूर्वी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : कोणता कण, कोणत्या खिडकीत, आणि कोणत्या टकरींत. उदाहरणादाखल, अमेरिकेतील ब्रूकहेवन येथील स्टार प्रयोगाने रॅपिडिटी (झोताच्या दिशेतील वेगाचे माप) उणे ०.५ ते अधिक ०.५ आणि आडवा, म्हणजे झोताला काटकोनातला, संवेग ०.४ ते २.० जीईव्ही (गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट) या खिडकीत प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन मोजले आणि प्रत्येक टकरीसाठी त्यांच्या संख्यांची वजाबाकी केली. या वजाबाकीला निव्वळ प्रोटॉनसंख्या म्हणतात. खरे तर हवी असते निव्वळ बॅरिऑनसंख्या (बॅरिऑन म्हणजे प्रोटॉन, न्यूट्रॉन यांसारखे तीन क्वार्कांचे कण). पण न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्यामुळे तो त्या शोधकात मोजला जात नाही, आणि म्हणून प्रोटॉनवर भागवावे लागते.

मग क्युम्युलंटच्या व्याख्या लिहाव्यात. पहिला क्युम्युलंट म्हणजे सरासरी. दुसरा म्हणजे प्रचरण, अर्थात सरासरीपासूनच्या विचलनाच्या वर्गाची सरासरी. तिसरा म्हणजे विचलनाच्या घनाची सरासरी. चौथा मात्र विचलनाच्या चौथ्या घाताची नुसती सरासरी नसून तिच्यातून प्रचरणाच्या वर्गाची तिप्पट वजा करावी लागते. ही वजाबाकी विसरणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ती वजाबाकी केली म्हणजे प्रसामान्य वितरणासाठी तिसरा व त्यापुढचे सर्व क्युम्युलंट शून्य येतात, आणि संगणकातील आपले सूत्र तपासण्याची पहिली कसोटी तीच.

क्युम्युलंट व्यवस्थेच्या आकारमानाबरोबर वाढतात, आणि टकरीत तयार झालेल्या गोळ्याचे आकारमान थेट मोजता येत नाही. म्हणून गुणोत्तरे वापरतात : तिसरा भागिले दुसरा, चौथा भागिले दुसरा. गुणोत्तरात सरासरी आकारमान छेदले जाते. आकारमानातील चढउतार मात्र छेदले जात नाहीत. हा फरक तिसऱ्या पायरीत महागात पडतो.

दुसरी पायरी : प्वासाँ आणि स्केलम

कण एकमेकांशी काहीही संबंध न ठेवता तयार होत असतील तर त्यांची संख्या प्वासाँ वितरणानुसार पडते, आणि त्या वितरणाचे सर्व क्युम्युलंट सरासरीएवढेच असतात. दोन स्वतंत्र प्वासाँ संख्यांच्या वजाबाकीला स्केलम वितरण म्हणतात. त्याचे विषम क्रमांकाचे क्युम्युलंट हे दोन सरासऱ्यांची वजाबाकी असतात, तर सम क्रमांकाचे त्यांची बेरीज.

आता दहा लाख काल्पनिक टकरी तयार करा. प्रत्येकीत सरासरी २४ प्रोटॉन आणि सरासरी १६ प्रतिप्रोटॉन घ्या. निव्वळ संख्येचे पहिले चार क्युम्युलंट अनुक्रमे ८, ४०, ८, ४० यांच्या जवळ यायला हवेत. म्हणजे तिसऱ्याचे दुसऱ्याशी गुणोत्तर ०.२ आणि चौथ्याचे दुसऱ्याशी १. तिसरा क्युम्युलंट ८ च्या ऐवजी ९ आला तर घाबरू नये. चौथा ३० किंवा ५० आला तरीही अजून घाबरू नये, त्याचे कारण सहाव्या पायरीत येते. पण दुसरा ४० ऐवजी ४२ आला, तर चूक सूत्रात आहे.

येथे दोन बारीक सूचना. गणना करताना आधी सरासरी वजा करावी आणि मग घात घ्यावेत. कच्चे घात घेऊन मग मोठमोठ्या संख्यांची वजाबाकी केली तर उजवीकडचे अंक विश्वासार्ह राहत नाहीत. दुसरी सूचना पूर्णांकांबद्दल. नमपायच्या २.० पूर्वीच्या आवृत्त्यांत विंडोजवर मूळचा पूर्णांक ३२ बिटांचा असे, आणि १२०० चा चौथा घात त्यात मावत नाही. संगणक तक्रार न करता भलताच आकडा देतो. संख्या आधीच दशांश प्रकारात बदलून घेतल्या की हा प्रश्न उरत नाही.

आणखी एक सांगतो, जे भौतिकशास्त्राचे नाही. जूनमध्ये पाऊस धरला की आमच्या फोंड्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून दहा लाख टकरी एका दमात न करता पन्नास-पन्नास हजारांच्या तुकड्यांत करून प्रत्येक तुकडा डिस्कवर साठवावा आणि यादृच्छिक संख्याजनकाला दिलेली बीजसंख्या फाइलच्या नावातच लिहावी. दोन तुकड्यांना एकच बीजसंख्या दिली तर तेच आकडे दुसऱ्यांदा मोजले जातात आणि त्रुटी खोट्या लहान दिसतात.

तिसरी पायरी : स्रोतांची संख्याच बदलते तेव्हा

सकाळी आठ ते नऊ या वेळेत पणजीच्या कदंब बसस्थानकावर किती प्रवासी उतरतात हे वर्षभर मोजले, असे समजू. रोजचा आकडा दोन कारणांनी बदलेल : प्रत्येक बसमधील प्रवासी कमीजास्त असतात, आणि त्या तासात आलेल्या बसगाड्याच कमीजास्त असतात. पत्रादेवीकडून किंवा काणकोणकडून येणाऱ्या दोन गाड्या उशिरा पोहोचल्या तर आकडा ऐंशी-नव्वदांनी खाली जाईल, आणि त्यात प्रवाशांच्या वागण्याचा काही संबंध नसेल. फक्त प्रवाशांची एकूण बेरीज पाहणाऱ्याला ही दोन कारणे वेगळी करता येत नाहीत.

अणुकेंद्रांच्या टकरींत बसगाड्यांची जागा टकरीत भाग घेतलेले न्यूक्लिऑन घेतात. १९७६ मध्ये बियावास, ब्लेशिन्स्की आणि चिझ यांनी मांडलेल्या घायाळ न्यूक्लिऑनांच्या प्रतिमानाचा गाभा हाच आहे : प्रत्येक सहभागी न्यूक्लिऑन हा स्वतंत्र स्रोत आणि एकूण कणसंख्या ही त्यांच्या योगदानांची बेरीज. प्रचरण भागिले सरासरी या राशीला प्रमाणित प्रचरण म्हटले, तर गणित असे निघते :

एकूण प्रमाणित प्रचरण = एका स्रोताचे प्रमाणित प्रचरण + (एका स्रोतामागे सरासरी कण × स्रोतसंख्येचे प्रमाणित प्रचरण)

आकडे घालून पाहावे. सरासरी ३०० स्रोत, त्यांचे प्रमाण विचलन १५, म्हणजे प्रचरण २२५ आणि प्रमाणित प्रचरण ०.७५. प्रत्येक स्रोतातून प्वासाँप्रमाणे सरासरी ४ कण. उत्तर १ + ४ × ०.७५ = ४. म्हणजे प्वासाँपेक्षा चौपट विखुरलेपणा, आणि तोही स्रोतांत केवळ पाच टक्क्यांचा फरक पडल्यामुळे. हे उत्तर कागदावर काढल्यानंतर संगणकावर करून पाहावे : आधी स्रोतसंख्या निवडायची, मग त्या संख्येच्या चौपट सरासरीची प्वासाँ संख्या काढायची. दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

स्रोतसंख्येचे वितरण मनाने न ठरवता ग्लाउबर प्रतिमानातून काढता येते. त्याची कृती सोपी आहे. दोन्ही अणुकेंद्रांत न्यूक्लिऑन वुड्स-सॅक्सन घनतेनुसार (मध्यभागी जवळजवळ सपाट, कडेला हळूहळू घटणारी) पेरावेत. सोन्यासाठी त्रिज्या ६.३८ फेम्टोमीटर आणि पृष्ठभागाची जाडी दर्शवणारा आकडा ०.५३५ फेम्टोमीटर वापरतात. केंद्रापासूनचे अंतर निवडताना घनतेला अंतराच्या वर्गाने गुणायचे असते, नाहीतर सगळे न्यूक्लिऑन मध्यभागी गोळा होतात. दोन केंद्रांमधील आडवे अंतर शून्य ते २० फेम्टोमीटर असे घ्यावे, पण सपाट वितरणातून नव्हे : त्याची संभाव्यता अंतराच्या प्रमाणात वाढते, म्हणून शून्य ते एक यांमधील यादृच्छिक संख्येचे वर्गमूळ काढून त्याला २० ने गुणावे. मग दोन बाजूंच्या प्रत्येक न्यूक्लिऑन-जोडीचे आडवे अंतर तपासावे. प्रत्येक न्यूक्लिऑन-जोडीमागे २०० जीईव्ही ऊर्जा असताना न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन अप्रत्यास्थ काटछेद (टक्कर होण्याची शक्यता दर्शवणारे क्षेत्रफळ) ४२ मिलिबार्न, म्हणजे ४.२ चौरस फेम्टोमीटर. त्याला पायने भागून वर्गमूळ काढले की १.१६ फेम्टोमीटर येते, आणि त्याहून जवळ असलेली जोडी आदळली असे धरायचे. एका टकरीत अशा ३८,८०९ जोड्या तपासाव्या लागतात. साध्या लूपमध्ये हे रखडते, तर नमपायच्या सारण्यांत लाखभर टकरी एका संध्याकाळी होतात.

प्रत्येक स्रोतातून येणाऱ्या कणांसाठी प्वासाँऐवजी ऋण द्विपद वितरण घेण्याची प्रथा आहे, कारण प्रोटॉन-प्रोटॉन टकरींतील कणसंख्या त्या वितरणाशी बऱ्यापैकी जुळते. त्याचे प्रचरण म्हणजे सरासरी अधिक, सरासरीचा वर्ग भागिले आकारांक (वितरणाचा आकार ठरवणारा आकडा). नमपायला हे वितरण सरासरी व आकारांक या रूपात चालत नाही. तेथे आकारांक आणि एक संभाव्यता द्यावी लागते, आणि ती संभाव्यता म्हणजे आकारांक भागिले आकारांक व सरासरी यांची बेरीज. उलटे भरले तर भलतीच सरासरी येते, त्यामुळे निदान ही चूक लगेच पकडता येते.

निव्वळ प्रोटॉनच्या बाबतीत हा परिणाम ऊर्जेनुसार बदलतो. स्रोतसंख्या हलल्यामुळे प्रचरणात पडणारी भर ही एका स्रोतामागील निव्वळ संख्येच्या वर्गाला २२५ ने गुणून मिळते. दुसऱ्या पायरीतील निव्वळ सरासरी ८ या ३०० स्रोतांतून आली असे धरले तर ती भर फक्त ०.१६ आहे, म्हणजे ४० पुढे नगण्य. पण कमी ऊर्जेला प्रतिप्रोटॉन जवळजवळ नसतात. तेथे निव्वळ सरासरी ३५ आणि प्रचरणही तेवढेच धरले, तर भर ३.०६ येते, म्हणजे सुमारे ९ टक्के. क्रांतिक बिंदूचा शोध नेमका कमी ऊर्जेकडे चालतो, हे ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी : मध्यवर्ती टकरी निवडणे

आडवे अंतर मोजता येत नसल्यामुळे टकरींची वर्गवारी कणसंख्येवरून करतात : सर्वाधिक कणांच्या पाच टक्के टकरी म्हणजे शून्य ते पाच टक्के मध्यवर्तीयता. ज्या कणांचे चढउतार मोजायचे तेच कण वर्गवारीसाठी वापरले तर निवडच चढउतार कापून टाकते. स्टारने यासाठी निव्वळ प्रोटॉनच्या अभ्यासात प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन वगळून उरलेले भारित कण वर्गवारीला वापरले. शिवाय पाच टक्क्यांच्या पट्ट्यातही सरासरी सरकत जाते. म्हणून क्युम्युलंट संपूर्ण पट्ट्यासाठी एकदम न काढता संदर्भ-संख्येच्या, म्हणजे वर्गवारीसाठी मोजलेल्या कणसंख्येच्या, प्रत्येक आकड्यासाठी वेगळे काढावेत आणि मग टकरींच्या संख्येनुसार भारित सरासरी घ्यावी. तिसऱ्या पायरीतील प्रतिमानावर हे करून पाहिले की प्रमाणित प्रचरण ४ वरून किती खाली येते ते दिसते. ते पूर्ण १ वर येत नाही, कारण संदर्भ-संख्या ठराविक असली तरी तिच्यामागची स्रोतसंख्या ठराविक नसते.

स्रोतसंख्येच्या चढउतारांतून मुळातच मोकळ्या असलेल्या राशीही आहेत. गाझ्जित्स्की आणि गोरेन्श्टाइन यांनी २०११ मध्ये त्यांना प्रबल सघन राशी असे नाव दिले. नवख्याने सुरुवात न्यू-डायनॅमिकल या राशीपासून करावी : दोन प्रकारच्या कणांसाठी प्रत्येकाची जोडी-सरासरी भागिले सरासरीचा वर्ग, अशा दोन पदांच्या बेरजेतून, दोहोंच्या गुणाकाराची सरासरी भागिले सरासऱ्यांचा गुणाकार, याची दुप्पट वजा करायची. जोडी-सरासरी म्हणजे संख्या गुणिले एकने कमी संख्या, याची सरासरी. वरच्या स्रोत-प्रतिमानात धन आणि ऋण कण वेगळे पेरले तर प्रमाणित प्रचरण वाढलेले असूनही ही राशी शून्य येते.

पाचवी पायरी : अक्षय्यतेचे नियम

रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीत चाळीस माणसे चढली तर पलीकडच्या धक्क्यावर चाळीसच उतरणार. सगळी बोट मोजणाऱ्याला चढउतार दिसणारच नाहीत. मात्र बोटीच्या डाव्या कडेला उभी असलेलीच माणसे मोजली, तर आकडा प्रत्येक फेरीला बदलेल, आणि ती कड जितकी अरुंद तितका तो प्वासाँच्या जवळ जाईल.

बॅरिऑन क्रमांकाचे तसेच आहे. टकरीत भाग घेतलेल्या न्यूक्लिऑनांची निव्वळ बॅरिऑनसंख्या शेवटपर्यंत कायम राहते. सोन्याच्या मध्यवर्ती टकरीत ती सुमारे ३५० धरू. प्रतिबॅरिऑन नाहीत आणि प्रत्येक बॅरिऑन आपल्या खिडकीत प्रोटॉन म्हणून सापडण्याची संभाव्यता ०.१ आहे, असे मानले की प्रोटॉनसंख्येचे वितरण द्विपद होते : सरासरी ३५, प्रचरण ३१.५. प्रमाणित प्रचरण १ वरून ०.९ वर आले, म्हणजे दहा टक्के घट. आता चौथ्या क्युम्युलंटचे दुसऱ्याशी गुणोत्तर पाहा. द्विपद वितरणासाठी ते १ वजा ६ × ०.१ × ०.९, म्हणजे ०.४६ आहे. स्केलमची तुलना-रेषा १ वर आणि आपण निम्म्याहून खाली, तरीही या प्रतिमानात क्रांतिक बिंदूचा मागमूस नाही.

मला वाटते, या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने हे ०.४६ स्वतःच्या हाताने एकदा काढावे. गुणोत्तर १ पेक्षा खाली गेले एवढ्यावरून कोणी नव्या भौतिकीची घोषणा करत असेल, तर त्याला पहिला प्रश्न कोणता विचारायचा ते यावरून कळते. संभाव्यता ०.०५, ०.१, ०.२ अशी बदलून गुणोत्तराचा आलेख काढावा, कारण खिडकी रुंदावत गेल्यावर प्रयोगातही गुणोत्तर याच दिशेने सरकावे अशी अपेक्षा असते.

औष्णिक प्रतिमानात हीच गोष्ट समुच्चयांच्या (एन्सेम्बल) भाषेत सांगतात. महाकॅनॉनिकल समुच्चयात भार फक्त सरासरीने राखला जातो. कॅनॉनिकल समुच्चयात तो प्रत्येक टकरीत काटेकोर राखला जातो. बेगून, गाझ्जित्स्की, गोरेन्श्टाइन आणि झोझुल्या यांनी २००४ मध्ये दाखवले की एकूण भार शून्य असलेल्या साध्या वायूत धन कणांचे प्रमाणित प्रचरण कॅनॉनिकल समुच्चयात ०.५ होते, आणि व्यवस्था कितीही मोठी केली तरी ते १ वर परतत नाही. पाठ्यपुस्तकात आपण शिकतो की मोठ्या व्यवस्थेत सगळे समुच्चय सारखे. ते सरासरीपुरते खरे आहे, चढउतारांना लागू नाही.

याच्या उलट दिशेने काम करणारा परिणाम रेझोनन्सच्या, म्हणजे अतिशय अल्पजीवी कणांच्या, विघटनाचा. उदासीन ऱ्हो मेसॉन एक धन आणि एक ऋण पायॉन देतो. सर्व पायॉन अशा जोड्यांतूनच आले असते तर एकूण पायॉनसंख्येचे प्रमाणित प्रचरण २ झाले असते. निव्वळ भाराचे चढउतार मात्र अशा जोड्यांमुळे घटतात. भाराच्या चढउतारांसाठी डी नावाची राशी वापरतात : निव्वळ भाराच्या प्रचरणाची चौपट भागिले एकूण भारित कणांची सरासरी. स्वतंत्र पायॉनांसाठी ती ४ येते, रेझोनन्स धरले की सुमारे ३, आणि क्वार्कांचे भार एकतृतीयांश व दोनतृतीयांश असल्यामुळे प्लाझ्मासाठी १ ते १.५ असा २००० सालचा अंदाज होता. ते १ ते १.५ टकरीनंतरच्या विसरणातून (डिफ्यूजन) टिकून राहते का, हा वाद वेगळा आहे. नवख्याने त्यात लगेच शिरू नये.

सहावी पायरी : शोधक आणि त्रुटी

कोणताही शोधक सगळे कण पकडत नाही. प्रत्येक कण स्वतंत्रपणे ०.७ या संभाव्यतेने सापडतो असे धरले, तर प्वासाँ वितरण प्वासाँच राहते, पण इतर वितरणे प्वासाँकडे ओढली जातात. तिसऱ्या पायरीतील ४ हे प्रमाणित प्रचरण १ + ०.७ × ३, म्हणजे ३.१ दिसेल. दुरुस्तीसाठी क्रमगुणित परिबले (फॅक्टोरियल मोमेंट) वापरावीत : संख्या गुणिले एकने कमी संख्या, गुणिले दोनने कमी संख्या, अशा गुणाकारांच्या सरासऱ्या. त्यांतील दुसरी कार्यक्षमतेच्या, म्हणजे कण सापडण्याच्या संभाव्यतेच्या, वर्गाने घटते, तिसरी घनाने, चौथी चौथ्या घाताने, म्हणून त्या त्या घाताने भागले की मूळ आकडा मिळतो. मिळालेल्या आकड्यांतून पुन्हा क्युम्युलंट तयार करावेत. खऱ्या शोधकात गर्दी वाढली की कार्यक्षमता घसरते, शिवाय कमी आणि जास्त संवेगाच्या कणांसाठी ती वेगवेगळी असते. त्यामुळे हे गृहीतक किती तग धरते ते आपल्या कृत्रिम टकरींवर तपासून घ्यावे : कार्यक्षमता मुद्दाम कणसंख्येवर अवलंबून ठेवायची, दुरुस्ती मात्र स्थिर आकड्याने करायची, आणि उत्तर किती चुकते ते पाहायचे.

आता दुसऱ्या पायरीत राहिलेली गोष्ट. जवळपास प्रसामान्य वितरणासाठी चौथ्या-दुसऱ्या गुणोत्तराची सांख्यिकीय त्रुटी २४ च्या वर्गमूळाला प्रचरणाने गुणून आणि टकरींच्या संख्येच्या वर्गमूळाने भागून मिळते. प्रचरण ४० असेल तर एक लाख टकरींना त्रुटी ०.६२, दहा लाखांना ०.२०, एक कोटीला ०.०६. चौथा क्युम्युलंट ३० ते ५० यांमध्ये कुठेही आला तरी चालेल असे म्हटले होते ते यामुळेच : त्याची त्रुटी दहा लाख टकरींतही सुमारे ८ आहे. आणि हा हिशेब शंभर टक्के कार्यक्षमतेचा झाला. ०.७ चा चौथा घात ०.२४ असल्यामुळे दुरुस्तीनंतर त्रुटी आणखी फुगते. मोजकेच हजार टकरींवर चौथा क्युम्युलंट काढून त्याच्या चिन्हावर चर्चा करणारे प्रकल्प मी पाहिले आहेत. त्या आकड्याला काही अर्थ नसतो.

त्रुटी सूत्राने काढल्यावर बूटस्ट्रॅपनेही काढावी : मिळालेल्या टकरींतूनच परत ठेवत ठेवत तेवढ्याच टकरी पुन्हा निवडायच्या, क्युम्युलंट काढायचे, हे दोनशे वेळा करायचे आणि आलेल्या उत्तरांचे प्रमाण विचलन घ्यायचे. दहा लाख ओळी दोनशे वेळा उपसण्याची गरज नाही. निव्वळ संख्येचा वारंवारता-आलेख करून त्याच्या रकान्यांतून बहुपद वितरणाने नमुना काढला की तेच काम काही सेकंदांत होते.

सातवी पायरी : तयार साधने आणि खरे मोजमाप

येथवर सगळे स्वतः लिहिल्यावर मगच तयार साधनांकडे वळावे. हॅड्रॉन-रेझोनन्स वायूच्या गणितासाठी थर्मल-फिस्ट हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि त्यात महाकॅनॉनिकल व कॅनॉनिकल दोन्ही समुच्चय आहेत. तापमान १५६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ठेवून लार्ज हॅड्रॉन कोलायडरमधील सरासऱ्या चांगल्या जुळतात, आणि जाळीवरच्या गणितातून येणारे संक्रमणाचे तापमानही त्याच्याच जवळ आहे. टकरीचा कालक्रम धरून चालणाऱ्या प्रतिमानांपैकी यूआरक्यूएमडी शिकायला बरे. त्यात बॅरिऑन क्रमांक काटेकोर राखला जातो आणि क्रांतिक बिंदू नसतो, म्हणून तुलनेसाठी ते सतत वापरले जाते.

मोजमापांचे तक्ते हेपडेटा या खुल्या संग्रहात मिळतात. ब्रूकहेवनच्या ऊर्जा-सर्वेक्षणाच्या (टकरींची ऊर्जा टप्प्याटप्प्याने बदलून केलेली मोजमापे) पहिल्या फेरीतील, ७.७ ते २०० जीईव्ही या टप्प्यातील निव्वळ प्रोटॉनचे आकडे स्टारने २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. मध्यवर्ती टकरींत चौथ्या-दुसऱ्या गुणोत्तराचे ऊर्जेनुसार होणारे बदल एकाच दिशेने जात नाहीत, असा निष्कर्ष ३.१ सिग्मा (प्रमाण विचलनाच्या ३.१ पट) एवढ्या विश्वासाने त्यात नोंदवला आहे. हा विश्वास लक्ष वेधण्याइतका आहे, पण शोध जाहीर करण्यासाठी या क्षेत्रात रूढ असलेल्या ५ सिग्माच्या बराच खाली. २०१९ ते २०२१ या काळात सुधारित शोधकांनिशी सर्वेक्षणाची दुसरी फेरी झाली, आणि तिचा मुख्य हेतू कमी ऊर्जेकडील त्रुटी आक्रसणे हा होता.

तक्ता उतरवून घेतल्यावर प्रत्येक ऊर्जेसाठी प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांच्या सरासऱ्या टिपून घ्याव्यात. त्या सरासऱ्यांवरून आधी स्केलमची रेषा काढावी. मग पाचव्या पायरीतील द्विपद प्रतिमानात खिडकीतील संभाव्यता त्याच सरासऱ्यांवरून बसवून दुसरी रेषा काढावी. ७.७ जीईव्हीजवळ प्रतिप्रोटॉन नगण्य असल्यामुळे साधे द्विपद पुरते. २०० जीईव्हीला प्रतिबॅरिऑन धरणारे, एकूण निव्वळ संख्या बांधलेले प्रतिमान लागते, आणि ते आपल्या दोन प्वासाँ संख्यांमधून ठराविक वजाबाकी असलेल्याच टकरी ठेवून तयार करता येते. सांख्यिकीय आणि पद्धतशीर (मोजण्याच्या पद्धतीतून येणाऱ्या) त्रुटी तक्त्यात वेगळ्या रकान्यांत असतात. आलेखावरही त्या वेगळ्याच दाखवाव्यात : पहिली उभ्या रेघेने, दुसरी चौकटीने. शेजारच्या ऊर्जांच्या पद्धतशीर त्रुटी एकमेकींशी बांधलेल्या असू शकतात, म्हणून दोन प्रकारांच्या वर्गांची बेरीज करून काय-वर्ग (χ²) काढण्यापूर्वी तक्त्यासोबतचे स्पष्टीकरण वाचून घ्यावे.